धुरांडे दर्यात, धूर दारात

न्हावाशेव्याहून युरोपकडे निघालेले कंटेनरचे जहाज तांबड्या समुद्रात शिरते, तेव्हा त्याच्या पोटात सहसा दोन प्रकारचे तेल असते. मोठ्या टाक्यांमध्ये असते स्वस्त तेल, ज्यात गंधक ०.५० टक्क्यांपर्यंत असू शकते. लहान टाक्यांमध्ये असते महाग तेल, ज्यातले गंधक ०.१० टक्क्यांच्या वर जात नाही. १ मे २०२५पासून भूमध्य समुद्रात गंधकाची मर्यादा कडक झाली आहे, म्हणून सुएझ कालव्याच्या उत्तर तोंडाशी पोहोचेपर्यंत इंजिन या दुसऱ्या तेलावर आणावे लागते. त्याआधीच्या वाटेवर, बाब-एल-मांदेबपासून सुएझपर्यंतच्या सुमारे दोन हजार किलोमीटरांत, महाग तेल टाकीत राहते आणि स्वस्त तेल जळत जाते.

म्हणजे स्वच्छ तेल जहाजावर असते. ते वापरायचे कसे, हे इंजिनरूममधल्या माणसांना ठाऊक असते. यंत्रही तेच असते. तरी सौदी अरेबिया, सुदान, इरिट्रिया आणि येमेनच्या किनाऱ्यांसमोरून जाताना ते वापरले जात नाही, कारण तसे वापरा असे सांगणारा नियम तिथे नाही. नियम जिथे सुरू होतो, तिथे तेल बदलते.

हा लेख त्या किनाऱ्यावरच्या एका नव्या शहराबद्दल आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या किनाऱ्याबद्दलही. जहाजाचा धूर ही समुद्रावरची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या छातीची गोष्ट आहे.

कोऱ्या वाळूवरचे शहर

जेद्दा हे नाव कोकणाला आणि मुंबईला नवे नाही. हज यात्रेकरूंची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या धक्क्यावरून जेद्दाला जात होती. १९९५मध्ये ती समुद्रवाट बंद झाली आणि यात्रा पूर्णपणे विमानाने होऊ लागली. नोकरीसाठी तिकडे गेलेली माणसे रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत भेटतात. त्या जेद्दाच्या उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, राबिग या जुन्या गावाच्या दक्षिणेला, सौदी राजे अब्दुल्ला यांच्या नावाने एक शहर वसवण्याची घोषणा २००५मध्ये झाली. तेच हे किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी. वीस लाख माणसे इथे राहतील, असा मूळ आराखडा होता. आजची वस्ती त्या आकड्याच्या आसपासही नाही. पण कारखाने आले, हरमैन वेगवान रेल्वेचे स्थानक आले, २०२३मध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. आणि २०१३मध्ये किंग अब्दुल्ला बंदराने काम सुरू केले होते.

हे बंदर खासगी मालकीचे आहे. धक्क्यालगत १८ मीटर खोली असल्याने जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट इथे लागू शकतात. २०२१मध्ये या बंदराने २८ लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तेवढा माल, हाताळला. त्याच वर्षासाठी जागतिक बँकेने तयार केलेल्या कंटेनर बंदरांच्या कार्यक्षमतेच्या यादीत ते जगात पहिले आले. या पहिल्या क्रमांकाचा हवेशी थेट संबंध आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी नकाशा पाहू. किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे आलो, तर प्रथम राबिग लागते. मग तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांचा अजस्र प्रकल्प, त्याच्या परिसरात तेलावर चालणारी वीजकेंद्रे. मग किंग अब्दुल्ला बंदर, मग शहराचा राहता भाग, आणि त्याच्या दक्षिणेला थुवल. थुवल हे मासेमारीचे गाव. तिथेच २००९मध्ये सुरू झालेले किंग अब्दुल्ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर आणि मध्य भागात वर्षभर वारा मुख्यतः वायव्येकडून येतो. म्हणजे रिफायनरी, वीजकेंद्र आणि बंदर हे तिन्ही बहुतेक दिवस वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतात, आणि घरे, शाळा व विद्यापीठ खालच्या बाजूला.

दुपारी त्यात भर पडते खाऱ्या वाऱ्यांची. वाळवंटातली जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला आत सरकते. आपण शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे हेच. समुद्रावर सोडलेला धूर दिवसा खाऱ्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यामागच्या हिजाझच्या डोंगरांपर्यंत आत जाऊ शकतो, रात्री मतलई वारा त्यातला काही भाग पुन्हा पाण्यावर नेतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच शिळी हवा परत किनाऱ्यावर येऊ शकते. समुद्र विशाल आहे म्हणून धूर विरून जातो, या समजुतीला इथे आधार उरत नाही.

शिवाय तांबडा समुद्र फारसा रुंदही नाही. तो सर्वांत रुंद आहे तिथे साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याच्या अगदी मध्यावरून जाणारे जहाजसुद्धा कोणत्या ना कोणत्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरांच्या आत असते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, जगभरच्या जहाजांचे सुमारे ७० टक्के उत्सर्जन किनाऱ्यापासून ४०० किलोमीटरांच्या पट्ट्यात होते. त्या मापाने पाहिले तर तांबड्या समुद्रातला सगळाच धूर किनाऱ्याचा धूर ठरतो.

इंजिनरूमपासून छातीपर्यंत

जहाजाच्या मुख्य इंजिनात वर्षानुवर्षे जळत आलेले जड तेल हा शुद्धीकरणाचा तळ आहे. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर जे उरते ते. थंड असताना ते काकवीसारखे घट्ट असते. टाकीत गरम ठेवल्याशिवाय ते पंपाने हलत नाही, आणि इंजिनात फवारण्याआधी त्याला शंभर अंशांच्या वर तापवावे लागते. त्याआधी प्युरिफायरमधून फिरवून त्यातले पाणी आणि गाळ काढतात. गंधक मात्र असे निघत नाही. ते तेलाच्या रेणूंतच बांधलेले असते. व्हॅनेडियम आणि निकेलसारखे धातूही तेलाबरोबर ज्वलनात जातात आणि राखेच्या बारीक कणांतून धुरांड्याबाहेर पडतात.

गंधक जळले की सल्फर डायऑक्साइड होतो. दमट हवेत त्याचे सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत रूपांतर होते. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती तेल कितीही शुद्ध असले तरी होतातच, कारण त्यातला नायट्रोजन मुख्यतः हवेतून येतो. ही ऑक्साइडे आणि हवेतली हायड्रोकार्बन यांवर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. उंच आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो. श्वासात आलेला ओझोन फुप्फुसाला जाळतो. या प्रक्रियेला लागणारे ऊन तांबड्या समुद्रावर बारा महिने आहे, आणि हायड्रोकार्बनही तिथे कमी नाहीत.

या धुरातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला चुकवून फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. त्यामुळे याचा हिशेब खोकल्यापुरता राहत नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग इथपर्यंत तो जातो. कॉर्बेट यांच्या गटाने २००७मध्ये अंदाज मांडला की, जहाजांच्या कणांमुळे जगात दर वर्षी सुमारे ६० हजार अकाली मृत्यू होतात आणि त्यांतले बहुतेक युरोप, पूर्व आशिया व दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांजवळ होतात. दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांत आपला किनाराही आला. पुढे २०१८मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने अधिक बारकाईने मोजले तेव्हा आकडा वाढला. नव्या, कमी गंधकाच्या तेलानंतरसुद्धा वर्षाला सुमारे अडीच लाख मृत्यू आणि मुलांमधल्या दम्याची सुमारे ६४ लाख प्रकरणे जहाजांच्या धुराशी जोडलेली राहतील, असे त्यात म्हटले होते.

‘नव्या तेलानंतरसुद्धा’ हे शब्द नीट समजून घ्यायला हवेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्पोल कराराचे सहावे परिशिष्ट हवेबद्दल आहे. ते १९९७मध्ये मंजूर झाले आणि २००५मध्ये लागू झाले. त्यानुसार तेलातल्या गंधकाची जागतिक मर्यादा आधी ४.५० टक्के होती, २०१२पासून ३.५० टक्के झाली आणि १ जानेवारी २०२०पासून ०.५० टक्के. हा फार मोठा बदल होता आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. त्यामुळे जहाजांच्या गंधकयुक्त उत्सर्जनात ७० टक्क्यांहून अधिक घट होईल, असा संघटनेचा अंदाज होता. पण त्याच वर्षी, १ एप्रिल २०२०ला, भारतात बीएस-६ इंधन आले. त्यात गंधक दहा लाख भागांत १० भाग. जहाजाच्या नव्या, सुधारित तेलात दहा लाख भागांत ५,००० भाग चालतात. एकाच वर्षी, एकाच किनाऱ्यावर, रस्त्यावरच्या ट्रकला जी मर्यादा लागली तिच्या पाचशेपट गंधक धक्क्यावरच्या जहाजाला चालते. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि आता भूमध्य समुद्र या नियंत्रित क्षेत्रांत ही मर्यादा ०.१० टक्के, म्हणजे १,००० भाग आहे. अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र या यादीत नाहीत.

काही जहाजे तेल बदलण्याऐवजी धुरांड्यात स्क्रबर बसवतात. त्यात समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुतला जातो. हवेतला गंधक कमी होतो, पण धुतलेले आम्लयुक्त पाणी अनेक जहाजे सरळ समुद्रात सोडतात. प्रवाळांनी भरलेल्या तांबड्या समुद्रासाठी हा सौदा चांगला म्हणता येणार नाही.

धुळीच्या आडचा धूर

या किनाऱ्यावर धुराची बाजू मांडायला उभे राहिले की पहिले उत्तर मिळते: इथे तर धूळच धूळ आहे. ते खरेही आहे. वाळवंटातून उठणारी वादळे तांबड्या समुद्रावर दर वर्षी लाखो टन धूळ टाकतात. थुवलच्या विद्यापीठात गिओर्गी स्टेंचिकोव्ह यांच्या गटाने अनेक वर्षे या धुळीचा अभ्यास केला आहे, आणि या प्रदेशातल्या हवेतल्या कणांच्या वजनात धुळीचाच वाटा सर्वांत मोठा असल्याचे त्यांच्या कामातून दिसते. विद्यापीठाच्या आवारात हवेतल्या कणांवर नजर ठेवणारे केंद्र २०१२पासून चालू आहे.

पण वजन हे एकच माप धरले तर फसगत होते. धुळीचा कण मोठा आणि जड असतो. इंजिनातून निघालेला कण त्याच्या तुलनेत अतिशय लहान, म्हणून वजनाच्या तराजूत तो जवळजवळ दिसतच नाही. संख्येने मात्र तो कितीतरी जास्त असतो आणि शरीरात कितीतरी खोल जातो. धूळ थांबवणे कोणाच्या हातात नाही. धूर थांबवणे माणसाच्या हातात आहे. त्यामुळे आधीच धुळीने भरलेल्या हवेत धुराची भर घालायची मोकळीक मिळत नाही. उलट अशा हवेत ती भर अधिक जपून घालायला हवी. मुंबईत बांधकामाच्या धुळीकडे बोट दाखवून इतर धुराचा विषय मागे टाकला जातो, तेव्हाही हेच लक्षात ठेवायला हवे.

हा धूर दिसतो कुठे? वरून दिसतो. २००४मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या नोंदींतून तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरावरच्या नायट्रोजन डायऑक्साइडचा नकाशा काढला, तेव्हा जहाजांच्या वाटा त्यात रेषांसारख्या उमटल्या. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून मलाक्काकडे जाणारी रेषा आणि तांबड्या समुद्राच्या लांबीने जाणारी रेषा. ज्या धुराबद्दल तो समुद्रावर विरतो असे मानले जात होते, त्याचा माग अवकाशातून लागला.

खालूनही मोजणी झाली. २०१७च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेने ‘अकाबा’ नावाची मोहीम काढली. ‘कोमांडोर आयोना’ हे जहाज हवा मोजणाऱ्या उपकरणांनी भरून फ्रान्समधल्या तूलाँहून निघाले आणि सुएझ, तांबडा समुद्र, एडनचे आखात, होर्मुझ अशा वाटेने कुवेतपर्यंत जाऊन परतले. वाटेत भेटलेल्या जहाजांच्या धुराचे दोनशेहून अधिक झोत संशोधकांनी वेगवेगळे ओळखून तपासले. त्या मोहिमेतून एक अनपेक्षित गोष्टही कळली: तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात तळातून इथेन आणि प्रोपेन हे वायू मोठ्या प्रमाणात वर येत आहेत. निसर्गाने सोडलेले हे वायू आणि जहाजांनी सोडलेली नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र आली की हवा बिघडवणारी संयुगे तयार होतात. जहाजांची वर्दळ वाढत गेली तर हा मेळ आणखी घातक होईल, असा इशारा त्या अभ्यासात आहे.

धूर नेमका कोणाचा, हे ओळखायला शास्त्रज्ञ व्हॅनेडियम आणि निकेलचा माग घेतात. हवेतल्या कणांत ते ठरावीक प्रमाणात सापडले की जड तेल जळल्याची खूण पटते. युरोप-अमेरिकेच्या बंदरांत ही खूण जहाजांकडे बोट दाखवते. राबिग आणि किंग अब्दुल्ला शहराच्या पट्ट्यात ती एकट्या जहाजांची राहत नाही, कारण तेलावर चालणारी वीजकेंद्रे आणि रिफायनरीही शेजारीच आहेत. जिथे अनेक धुरांडी एका वाऱ्यावर उभी असतात, तिथे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. म्हणून मोजणी बंदराच्या आधीपासून असावी लागते. नवे धुरांडे पेटण्यापूर्वीची हवा नोंदलेली असेल, तरच नंतर झालेला बदल कोणाच्या नावावर टाकायचा ते ठरवता येते.

धक्क्यावरचे तास

जहाज धक्क्याला लागले की मुख्य इंजिन थांबते, पण जहाज थांबत नाही. दिवे, पंप, वातानुकूलन, खलाशांचे स्वयंपाकघर, आणि मासे, मांस, फळे भरलेले थंड कंटेनर या सगळ्यांना वीज हवी असते. ती जहाजावरचे डिझेल जनरेटर पुरवतात. बॉयलरही चालू असतो. धूर तेव्हा भर समुद्रात न सुटता धक्क्यावर, वस्तीच्या सर्वांत जवळ सुटतो.

त्याचा अंदाज साध्या गुणाकाराने बांधता येतो. एखादे जहाज धक्क्यावर सरासरी एक मेगावॅट वीज वापरते असे धरू. मोठ्या कंटेनर जहाजाला याहून जास्तही लागते. चोवीस तासांत २४ हजार युनिट वीज झाली. एका युनिटला सुमारे २२० ग्रॅम तेल लागते, म्हणजे दिवसाला पाच टनांहून थोडे अधिक. तेलात गंधक ३.५० टक्के असते तर त्यातून सुमारे ३७० किलो सल्फर डायऑक्साइड निघाला असता. आजच्या ०.५० टक्क्यांच्या तेलातून सुमारे ५३ किलो निघतो. ०.१० टक्क्यांच्या तेलातून सुमारे ११ किलो निघेल. नायट्रोजनची ऑक्साइडे तिन्ही वेळा जवळपास तेवढीच राहतील, सुमारे २४० किलो. तेल बदलल्याने काय साधते आणि काय साधत नाही, ते या चार आकड्यांत आहे.

किंग अब्दुल्ला बंदराचा पहिला क्रमांक इथे कामाला येतो. जहाज बंदरात जितके कमी तास राहील तितका धूर कमी. बाहेर नांगर टाकून वाट पाहायला लागली नाही तर आणखी कमी. क्रेन वेगाने चालणे, धक्का वेळेवर मोकळा होणे, कागदपत्रे आधीच तयार असणे ही सगळी व्यापाराची कौशल्ये हवेलाही वाचवतात. हवेसाठी वेगळे काही न करता त्या बंदराने हे साधले. पण कार्यक्षमतेने तास कमी होतात, तासातला धूर तेवढाच राहतो. आणि कार्यक्षम बंदराकडे जास्त जहाजे वळली तर वाचलेले तास भरूनही निघतात.

तासातला धूर कमी करायचा उपाय म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे आणि त्याचे जनरेटर बंद करणे. हा उपाय कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. लॉस एंजेलिस बंदरालगतच्या सान पेड्रो भागातल्या रहिवाशांनी आणि पर्यावरण संस्थांनी एका नव्या कंटेनर टर्मिनलविरुद्ध २००१मध्ये न्यायालयात धाव घेतली. तडजोडीत किनारी विजेची अट आली आणि २००४मध्ये ते टर्मिनल धक्क्यावरच्या जहाजांना वीज देऊ लागले. २००६मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा आराखडा केला. जहाजे, ट्रक, क्रेन, रेल्वे या सगळ्यांवर एकत्र काम झाले आणि डिझेलच्या कणांचे उत्सर्जन २००५च्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटले. युरोपीय संघाने मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांसाठी किनारी वीज २०३०पासून बंधनकारक केली आहे.

राबिगच्या किनाऱ्यावर एक अडचण आहे. किनाऱ्यावरची वीज तेल जाळूनच येत असेल, तर धूर धक्क्यावरून उठून वीजकेंद्राच्या चिमणीत जातो. तरी उंच चिमणीवर यंत्रणा बसवता येते, तिच्यावर देखरेख ठेवता येते, आणि सौर वीज वाढत जाईल तसा तिचा धूर घटवता येतो. दर आठवड्याला बदलणाऱ्या, वेगवेगळ्या देशांच्या झेंड्यांखालच्या शेकडो धुरांड्यांना धरून ठेवण्यापेक्षा हे सोपे आहे.

वाट वळली, धूरही वळला

१९ नोव्हेंबर २०२३ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि त्यानंतर जहाजांवर हल्ल्यांची मालिका सुरू झाली. २०२३मध्ये सुएझ कालव्यातून २६ हजारांहून अधिक जहाजे गेली होती. २०२४मध्ये हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. मोठ्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. किंग अब्दुल्ला बंदरासारखी, जहाजांच्या मुख्य वाटेवर असण्याच्या बळावर उभी राहिलेली बंदरे एकाएकी आडवाटेला पडली.

या संकटात खलाशांचे जीव गेले, जहाजे बुडाली. त्यातून कोणी समाधान शोधू नये. पण हवेच्या शास्त्राला त्यातून काही समजले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण अटलांटिकवर वाढलेल्या वर्दळीचा माग नायट्रोजन डायऑक्साइडवरून घेतला आणि ढगांवर होणारा परिणाम तपासला. २०२०च्या नियमाआधीच्या तुलनेत जहाजांच्या धुराचा ढगांवरचा प्रभाव सुमारे दोन तृतीयांशाने घटला होता. गंधकाचा नियम काम करतो, याचा हा पुरावा. आणि धूर जहाजाबरोबर जातो हेही त्यात उघड आहे: वाट वळली की एका किनाऱ्याचा भार दुसऱ्या किनाऱ्यावर पडतो, शिवाय वळसा लांब असल्याने तेल अधिक जळते. याला उत्तर कोणा एका बंदराकडे नाही. ते समुद्राच्या पातळीवरच द्यावे लागेल.

तांबड्या समुद्रासाठी ते देता येण्यासारखे आहे. त्याच्या किनाऱ्यावरच्या देशांनी पर्यावरण रक्षणासाठी १९८२मध्ये जेद्दा करार केला आहे आणि त्याची प्रादेशिक संघटनाही जेद्दातच आहे. जहाजांनी समुद्रात तेल व कचरा टाकण्याविरुद्धचे मार्पोलचे विशेष नियम १ जानेवारी २०२५पासून तांबड्या समुद्रात लागू झाले. पाण्यासाठी जे जमले ते हवेसाठीही मागता येईल. भूमध्य समुद्राच्या देशांनी एकत्र प्रस्ताव नेऊन ते मिळवले. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेले टाकीतले स्वच्छ तेल दोन हजार किलोमीटर आधी जाळायला सुरुवात करावी, एवढाच बदल त्यातून होईल. नवे यंत्र लागणार नाही.

डहाणूने काय शिकवले

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये आहे. समुद्रात भराव घालून उभारायच्या या बंदरात नऊ कंटेनर टर्मिनले असतील, आणि पूर्ण क्षमतेने ते वर्षाला दोन कोटींहून अधिक टीईयू हाताळेल अशी योजना आहे. किंग अब्दुल्ला बंदराने २०२१मध्ये जे हाताळले त्याच्या कितीतरी पट. मच्छीमारांचा विरोध, भरावाचा किनाऱ्यावर होणारा परिणाम, मासळीच्या जागा या प्रश्नांवर बरेच बोलले गेले आहे आणि बोलले गेलेच पाहिजे. धुराबद्दल मात्र फार कमी बोलले गेले आहे.

डहाणूला धुराचा आणि लढ्याचा इतिहास आहे. २० जून १९९१ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये निकाल दिला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवणच्या पहिल्या बंदराच्या प्रस्तावाला नकार दिला होता. पुढे २०२३मध्ये, वेगळ्या रचनेच्या प्राधिकरणाने, नव्या बंदराला संमती दिली.

त्याच प्राधिकरणाचे आणखी एक काम या लेखाच्या दृष्टीने मोलाचे आहे. डहाणूत कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. त्याच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह स्थानिक लोकांनी धरला, प्राधिकरणाने तो लावून धरला, आणि बरीच वर्षे गेल्यावर २००७मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी ती यंत्रणा सुरू झाली. देशातल्या बहुतेक कोळसाकेंद्रांत अशी यंत्रणा त्यानंतर कितीतरी वर्षे आली नाही. चिकूच्या बागा आणि मुलांची फुप्फुसे वाचवायला लोकांनी एका चिमणीकडून हे करवून घेतले. त्याच तालुक्याच्या समोर उद्या जगातली सर्वांत मोठी जहाजे उभी राहतील, तेव्हा त्यांच्या धुरांड्यांकडून कमी का मागायचे?

मागण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले काहीच अशक्य नाही. पहिली गोष्ट, हवेची मोजणी आतापासून. डहाणू, वाढवण, चिंचणी, तारापूर या पट्ट्यात सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, अडीच मायक्रॉनचे कण आणि काजळी यांची वर्षभर नोंद व्हावी, कणांत व्हॅनेडियम आणि निकेल किती ते पाहिले जावे, आणि हे आकडे सर्वांना पाहता यावेत. इथेही वीजकेंद्र आहे, तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. राबिगसारखीच एका वाऱ्यावरची अनेक धुरांडी. आधीची नोंद नसेल तर नंतर कोणीच जबाबदार राहणार नाही.

दुसरी गोष्ट, किनारी वीज. प्रत्येक टर्मिनलच्या करारातच धक्क्यावर लागलेल्या किती जहाजांना किनारी वीज दिली जाईल याचे प्रमाण आणि मुदत लिहिलेली असावी. विजेच्या तारा आणि जोडण्या धक्का बांधतानाच टाकल्या तर स्वस्त पडतात. नंतर धक्का फोडून टाकाव्या लागल्या तर महाग. तिसरी गोष्ट, धक्क्यावर ०.१० टक्क्यांचे तेल. युरोपीय संघातल्या बंदरांत ही अट २०१०पासून आहे. चौथी, शुल्कातली सवलत: गोव्यातल्या मुरगाव बंदराने २०२३पासून कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना बंदर शुल्कात सूट द्यायला सुरुवात केली आहे. आपल्याच किनाऱ्यावरचे हे उदाहरण वाढवणला लागू करता येईल.

आणि शेवटी भारताच्या पश्चिम किनाऱ्यासाठी नियंत्रित क्षेत्राचा प्रस्ताव. भारताने मार्पोलचे सहावे परिशिष्ट २०११मध्ये स्वीकारले आहे; आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे असा प्रस्ताव नेण्याचा हक्क भारताला आहे. त्यासाठी लागणारे ०.१० टक्क्यांचे तेल युरोपला जाणारी जहाजे एरवीही बरोबर घेऊन निघतात.

किंग अब्दुल्ला शहर कोऱ्या वाळूवर आखले गेले, तरी वाऱ्याच्या वरच्या बाजूला काय उभे राहते आणि समुद्रातून काय येते, हे त्याच्या रहिवाशांना ठरवता आले नाही. वाढवणच्या रहिवाशांजवळ अजून ती वेळ आहे. भराव पूर्ण व्हायचा आहे, टर्मिनले चालवणाऱ्यांशी करार व्हायचे आहेत. बंदर हवे की नको, यावर लोकांची मते वेगळी असतील आणि असावीत. पण पहिले जहाज लागेल तेव्हा धक्क्यावर वीज तयार असावी, धुरांड्यातले तेल स्वच्छ असावे आणि त्या दिवसाआधीच्या हवेची नोंद हातात असावी, यावर बंदराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या माणसाने एकत्र यायला हरकत नसावी. करारावर सही झाल्यावर हे मागणे म्हणजे विनंती असेल. आज मागितले तर ती अट होऊ शकते.